तुम्ही विचारलंत म्हणून: डेबियन आता मुक्त राहिलं का?

डेबियन ही स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली लिनक्स प्रणाली, आणि मुक्त म्हणजे जिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, कुणालाही पाहता-बदलता येतं. हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. नुकतंच लिनक्स टाकलेली, आणि त्यात मुरलेली. नवख्यांना खरंच कुतूहल असतं. मुरलेल्यांना मी चिडावं असं वाटत असतं. प्रश्न तोच: डेबियन १२ पासून इन्स्टॉलरबरोबरच बंदिस्त फर्मवेअर येतं, मग त्याला मुक्त कुठल्या तोंडाने म्हणायचं?

लॅपटॉपच्या वायफाय चिपमध्ये स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. काही उपकरणांत तो आतच कायमचा बसवलेला असतो. हल्लीच्या बऱ्याच चिपांत तशी सोयच नसते. मशीन सुरू झालं की ड्रायव्हर डिस्कवरची फाइल उचलतो आणि चिपमध्ये भरतो. ड्रायव्हर मुक्त, कर्नल (लिनक्सचा गाभा) मुक्त, पण त्या फाइलीचा सोर्स कोड कंपनीच्या कपाटात.

२०११ साली डेबियन ६ आलं तेव्हा कर्नलमधून अशा फाइली काढून टाकल्या. कागदावर चोख. पुढे मग इन्स्टॉलर मध्येच थांबायचा आणि सांगायचा की तुमच्या हार्डवेअरला मुक्त नसलेलं फर्मवेअर लागतं, पेनड्राइव्हवर असेल तर द्या. खाली ‘आयडब्ल्यूएल-वायफाय’ने सुरू होणारं लांबलचक नाव. आता ती फाइल उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट अडलंय त्याच फाइलीवाचून! लॅपटॉपला केबलचं भोक नसेल तर बोंबच. म्हणून जाणकार हळूच सांगायचे, ‘ती दुसरी आयएसओ घे.’ फर्मवेअरसकटची ती अनधिकृत आयएसओही (म्हणजे इन्स्टॉलरची फाइल) प्रकल्पातलेच लोक बनवत, फक्त कोपऱ्यात ठेवत. हे सोवळं होतं: देवघरात कडक, मागच्या दाराने सगळं चालू.

२०२२ मध्ये डेबियनचे डेव्हलपर स्टीव्ह मॅकइन्टायर यांनी हा विषय धसास लावला. मला त्यातला एक मुद्दा फार पटला. दृष्टिहीन माणूस इन्स्टॉल करतो तो आवाजाच्या भरवशावर, आणि नव्या लॅपटॉपांत साउंडलाही फर्मवेअर लागतं. म्हणजे तत्त्वापायी त्याचा इन्स्टॉलर मुका. त्या वर्षी मतदान झालं, डेबियनने वापरकर्त्यांना दिलेल्या वचनांच्या, १९९७ पासूनच्या सामाजिक करारातलं पाचवं कलम बदललं, आणि जून २०२३ मध्ये डेबियन १२ एकाच इन्स्टॉलरसह आलं. फर्मवेअरसाठी वेगळा विभाग केला, हे मला सगळ्यात आवडलं. वायफायसाठी अख्खं ‘नॉन-फ्री’, म्हणजे मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचा सगळा विभाग, उघडायला नको.

मुरलेली मंडळी इथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेचा दाखला देतात. ते उपकरणांना देतात त्या प्रमाणपत्राच्या निकषांत दुय्यम प्रोसेसरवर (वायफाय चिपमधल्यासारख्या) कायमचं बसवलेलं, बदलायचं नसलेलं बंद फर्मवेअर खपतं. मला हे काही झेपत नाही. तोच कोड डिस्कवर दिसला तर पाप, चिपमध्ये दडला तर नाही? डिस्कवर असेल तर निदान नाव कळतं, आवृत्ती कळते, चूक सापडली तर नवी फाइल येते. २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या स्पेक्टर या सुरक्षा-त्रुटीचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा प्रोसेसरच्या मायक्रोकोडचे, म्हणजे त्याच्या आतल्या फर्मवेअरचे, अपडेट घ्यावे लागले. ते नाकारणाऱ्याचा मायक्रोकोड मुक्त झाला नाही. जुना बंद मायक्रोकोडच चालू राहिला.

तरी हे सगळं गोड मानून घ्यावं असं मी म्हणत नाही. २०१३ मध्ये अथेरॉस या चिप-कंपनीच्या एका यूएसबी वायफाय चिपचं फर्मवेअर सोर्ससकट खुलं झालं. म्हणजे मनात आणलं तर जमतं. बाकीच्या कंपन्या मनात आणत नाहीत, आणि राग काढायचा तर तिथे काढा, डेबियनवर नको.

आणि तुम्हाला नकोच असेल तर इन्स्टॉलर सुरू होताना दिसणाऱ्या बूट ओळीत ‘फर्मवेअर=नेव्हर’ असं इंग्रजीत टाका, तो विचारणारही नाही, भरणारही नाही. वायफाय बहुधा चालणार नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट वापरा, तेवढ्यावर काम भागतं. फोनच्या मोडेममध्ये काय चालतं ते मात्र मला विचारू नका.