उत्तम शेती?
आज काकांबरोबर कांदा घेऊन मार्केटला गेलो होतो. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' हे आजोबांकडून ऐकतच मोठा झालो. लिलावात भाव पुकारला आणि काका गप्पच झाले. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता जे हातात आलं त्यात खुरपणी-काढणीची मजुरीसुद्धा निघत नव्हती. कष्टांत कुठे कसर होती? कुठेच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हाही भाव असाच कोसळला होता. 'पेराल ते उगवेल' हे खरं, पण उगवलेल्याचा भाव पेरणारा ठरवत नाही. आणि शेतीला उत्तम म्हणणारी माणसंच मुलीसाठी नोकरीवालाच मुलगा शोधतात, याचा मला मनापासून राग येतो. काकांच्या मुलाचं लग्न त्यापायीच अडलंय.