टोकियोतला भात आणि माझे पावणेचार तास

२०२५ चा मे महिना. निशी-कासाई स्टेशनजवळच्या दुकानात मी तांदळाच्या फळीसमोर उभी होते. पाच किलोची पिशवी, भाव ४,३८० येन. मी जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात अर्धवेळ कामाला जाते. टोकियोत तेव्हा किमान वेतन तासाला १,१६३ येन होतं आणि मला तेवढेच मिळायचे. म्हणजे ती एक पिशवी माझ्या पावणेचार तासांची. पट्ट्यावरून सरकणाऱ्या डब्यांत पावणेचार तास भात भरायचा, तेव्हा कुठे घरी भात शिजणार. वर्षभरापूर्वी हीच पिशवी निम्म्या किमतीत मिळत होती. मी ती उचलली, परत ठेवली आणि कणीक घेऊन घरी आले.

जास्त तास काम करून भागवावं, तर तीही सोय नाही. आम्ही इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. भाव वाढले म्हणून तास वाढत नाहीत.

महागाई आमच्या घरात हळूहळू शिरली. २०२३ मध्ये बर्ड फ्लूमुळे अंडी महागली, तेव्हा अंडी कमी केली. २०२५ च्या जानेवारीत एक कोबी काही दुकानांत हजार येनपर्यंत गेला, तेव्हा कोबी सोडला. आयातीच्या वस्तूंवर येन घसरल्याचा बोजा होताच. गावी पैसे पाठवताना तर तो आकडा डोळ्यांसमोरच यायचा. २०२१ च्या सुरुवातीला १०० येनचे ७० रुपये व्हायचे, २०२४ च्या जुलैत जेमतेम ५२ झाले. पगार तोच, पण आईच्या खात्यात कमी पडत होते. तरीही तांदूळ महागला तेव्हा जेवढं पोटात कालवलं, तेवढं आधी कशानेच नाही.

त्यामागची कारणं मला नंतर बातम्यांतून कळत गेली. २०२३ च्या उन्हाळ्यात इतकं तापलं की तांदळाचा दाणा पांढुरका पडला आणि चांगला माल कमी निघाला. मग ८ ऑगस्ट २०२४ ला मोठ्या भूकंपाच्या शक्यतेचा सावधगिरीचा इशारा आला आणि लोकांनी पिशव्याच्या पिशव्या घरात भरून ठेवल्या. त्या आठवड्यात आमच्या दुकानातली फळी रिकामी होती. वर फक्त एक कागद चिकटवलेला, ‘एका कुटुंबाला एकच पिशवी’. शोधायला गेलं तर तीही नव्हती.

गावाकडून सगळे एकच विचारायचे, तिथे इंडियन दुकानं आहेत ना, मग त्यांच्याकडून घे की! निशी-कासाईत भारतीय दुकानं भरपूर आहेत. २००० च्या सुमारास संगणकवाले इथे यायला लागले, तेव्हापासून ही वस्ती वाढत गेली. पोहे, डाळी, हिंग, सगळं मिळतं. पण सरकारने ठरवून दिलेल्या कोट्याबाहेर आयात केलेल्या तांदळावर जपान किलोमागे ३४१ येन कर लावतं. बासमती त्यामुळे पुलावापुरताच परवडतो. शिवाय रोजच्या वरणभाताला मला बासमती चालतच नाही. माझं माहेर मावळातलं, कामशेतजवळचं. लहानपणापासून इंद्रायणीचा मऊ, चिकटसर भात खाल्लेला. इथल्या आखूड दाण्याच्या तांदळाचा पहिला घास घेतला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, इतका तो जवळचा वाटला. त्यामुळे तांदूळ महागला म्हणजे माझ्या घरातलं माहेर महागलं, असंच मला झालं.

आई फोनवर म्हणाली, “अगं, मग मी पाठवते ना दहा किलो! शेजारचा मुलगा येतोय तिकडे.” कृषी खात्याचं तपासणी प्रमाणपत्र असल्याशिवाय इथे तांदूळ आत येऊ देत नाहीत, हे तिला समजावताना माझाच जीव तुटत होता. आपल्या शेतातला तांदूळ लेकीला पाठवता येत नाही, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

ते दोन महिने आम्ही कसे काढले? मूग मोडाचे आणायचे, मोयाशी म्हणतात इथे, पाकीट चाळीस येनच्या आसपास. त्याची उसळ आठवड्यातून तीनदा. संध्याकाळी साडेसातनंतर दुकानात गेलं की भाज्यांवर निम्म्या किमतीची चिठ्ठी लागलेली असते, त्या वेळेला बाजार. फ्रोझन भेंडी. आणि नवीन आलेल्या बायकांना मी आवर्जून सांगते, फळीवर मोठ्या अक्षरांत असतो तो बहुतेक वेळा कराआधीचा भाव. खाली बारीक छापलेला बघा, खाण्याच्या वस्तूंवर आठ टक्के कर असतो. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं आणि दर महिन्याला हिशोब चुकायचा.

पोळ्या वाढल्या, भात कमी झाला. धाकटा रोज विचारायचा, “आज पण नाही का भात?” त्याला उत्तर देताना मला फार वाईट वाटायचं.

मेच्या मध्यावर इथले कृषिमंत्री एतो म्हणाले की त्यांनी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थकच आणून देतात. देश संतापला, २१ मे रोजी त्यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी आलेल्या कोइझुमींनी सरकारी गोदामातला साठा थेट दुकानदारांना द्यायचं ठरवलं, पाच किलो साधारण २,००० येनला. जूनमध्ये आमच्या भागात तो येणार असं कळलं आणि मी सकाळी साडेसहाला रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्या पुढे आमच्याच मजल्यावरच्या आजी. क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटल्या, दोघींनाही मिळाली. कर धरून २,१६० येन. पिशवीवर लिहिलं होतं, २०२२ चं पीक.

परत येताना आजींचा चेहरा उतरलेला. जपानमध्ये नव्या तांदळाचं कौतुक. वर्ष उलटलं की तो ‘जुना’, दोन वर्षांचा ‘जुना-जुना’. वास येईल, दाणा कोरडा लागेल, अशी त्यांना धास्ती. मी त्यांना म्हटलं, “आजी, आमच्याकडे उलटं असतं. जुना तांदूळ मुद्दाम मागून घेतात, त्याला भाव जास्त असतो. नवा गिचका होतो, जुना फुलतो.” त्यांना खरं वाटेना.

म्हणून त्याच दुपारी त्यांच्या देखत भात लावला. तीन पाण्यांनी हलक्या हाताने धुतला. तासभर भिजत ठेवला. पाणी नेहमीपेक्षा बोटाच्या अर्ध्या पेरानं जास्त. शिजल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटं वाफेवर ठेवला. उघडला तेव्हा नव्या तांदळासारखा सुवास नव्हता, पण दाणा पूर्ण फुललेला, मऊ, आणि वाईट वास अजिबात नाही. वर साधं वरण, चमचाभर तूप, लिंबू. धाकट्याने तीनदा मागून घेतला. आजींनी वाटी पुसून खाल्ली. त्यांना मी वरणाचा डबा भरून दिला. दोन दिवसांनी तो काकडीचं लोणचं भरून परत आला. त्यांच्याकडेही शेजारचं भांडं रिकामं पाठवत नाहीत. उरलेल्या तांदळात उडीद डाळ घालून मी डोशाचं पीठ आंबवलं, त्यालाही तो छान लागला.

शरदात नवं पीक आलं, ते पुन्हा ४,२०० च्या वरच. मी दोन किलोचीच पिशवी घेतली. त्या संध्याकाळी आजी दारात आल्या. त्यांच्याकडे साठ्यातला किलोभर तांदूळ अजून शिल्लक होता. “किती वेळ भिजवायचा म्हणाली होतीस?” मी कागदावर हिरागाना लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, एक तास. आणि खाली बोटाच्या पेराचं चित्र काढलं.