घराचं तोंड उजळताना

आमच्याकडे कोकणात घर रंगवायचा मुहूर्त म्हणजे गणपतीच्या आधीचा पंधरवडा. चाकरमानी यायच्या आत घर लख्ख दिसायला हवं, म्हणून श्रावणातल्या सरी चालू असतानाच भिंतींना रंग लागतो. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून-जुलैभर पाणी प्यालेला चिरा, म्हणजे भिंतीतला जांभा दगड, ऑगस्टमध्ये आतून ओलाच असतो. त्यावर ऑइलपेंट मारला की आतलं पाणी अडकतं आणि शिमग्याला घरी यावं तर पोपडे सुटलेले. काम काढायचं तर दिवाळी झाल्यावर काढावं आणि ऊन तापायच्या आत उरकावं.

आमचं घर राजापूर तालुक्यात. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि अंगण, आणि रस्त्यावरून अंगणात उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. सासऱ्यांच्या काळात दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला. त्यावर आधी पोपटी, मग गुलाबी रंग चढला. पुढे पडवीसमोर पत्रा आला, पत्र्याखाली मीटरच्या वायरी लोंबायला लागल्या, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला घर दिसेनासंच झालं. दिसायचा तो पत्रा.

भाऊजी मुंबईहून आले होते तेव्हा म्हणाले, "वहिनी, समोर टाइल लावून टाकू. पाण्याने पुसली की झालं, दहा वर्षं बघायला नको." त्यांचं घरावर प्रेम आहे, खर्चही निम्मा ते उचलणार होते. पण गावात टाइल लावलेली घरं मी रोज बघते. टाइलच्या मागे पाणी शिरतं, बाहेर पडायला जागा नसते, मग ते आतल्या बाजूने माजघराच्या भिंतीवर उमटतं. मी म्हटलं, भाऊजी, आधी आपण चढवलंय तेवढं उतरवू. मग काय कमी वाटतं ते बघू.

पहिल्यांदा पत्रा काढला. त्या एका दिवसात घराचा जेवढा कायापालट झाला तेवढा पुढच्या कुठल्याच कामाने झाला नाही. पडवीचे सागवानी खांब पुन्हा उजेडात आले. पावसाच्या झडीसाठी आता जूनमध्ये नारळाची झापं बांधतो आणि दसऱ्याला सोडतो.

गिलाव्याचं काम मात्र जपून करावं लागलं. आमचे गवंडीकाका वयस्कर, चुन्यात काम केलेले. ते छोटी हातोडी घेऊन भिंतीवर ठोकत ठोकत गेले, कान भिंतीकडे. भरीव आवाज आला की पुढे सरकायचे. पोकळ वाजलं की खडूने गोल करायचे. "ताई, पोकळ वाजतं तेवढंच सोडवायचं. घट्ट बसलेला ओढलात तर चिऱ्याचं तोंड सोबत येईल." जांभ्याला मुळातच भोकं असतात, सिमेंट त्यात शिरून बसतं. जोत्याजवळचा आणि खिडक्यांखालचा गिलावा जवळजवळ सगळा सुटला, कारण ओल तिथेच. आत चिरा काळपट दिसत होता. तो काथ्याच्या ब्रशने पाणी मारून घासला आणि तसाच उघडा वाळू दिला. हळूहळू त्याचा तांबडा रंग वर आला.

सांधे सिमेंटने भरायचे नाहीत हे गवंडीकाकांचंही म्हणणं. एक भाग चुना, तीन भाग वाळू, कालवायला गुळाचं पाणी. चुन्याचा सांधा चिऱ्यापेक्षा मऊ राहतो, त्यामुळे भिंतीतली ओल सांध्यांतून बाहेर पडते आणि झिजायचाच तर सांधा झिजतो, चिरा नाही. सांधा पुन्हा भरता येतो.

जोतं आणि कोपऱ्यांचे चिरे उघडे ठेवले, मधल्या भिंतीला घट्ट गिलावा होता तिथे सफेदी. खिडक्यांखाली गिलावा सुटला होता तिथेही चुन्यातच भरून घेतलं. सफेदीसाठी कळीचा चुना पिंपात भिजवला. पाणी पडताच तो रटरटतो आणि वाफ येते, म्हणून मुलांना लांब ठेवावं आणि डोळे सांभाळावेत. चांगला मुरला की फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी, मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ. जुना रंग पूर्ण खरवडल्याशिवाय चुना धरत नाही, यात सवलत नाही. भिंत आधी पाण्याने भिजवायची, मग कुंच्याने पातळ हात. ओला असताना चुना दिसतच नाही, काही लावलंय की नाही असं वाटतं. घाईने जाड हात मारला तर तडकतो. वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत जातो आणि तसतसा पांढरा होतो. तीन पातळ हातांनंतर सकाळच्या उन्हात त्या भिंतीकडे बघावं. प्लास्टिक रंगाला ती झळाळी येत नाही.

रस्त्यावरून उतरताना सगळ्यात मोठं दिसतं ते छप्पर, आणि तेच लोक विसरतात. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि ही कौलं गलबतांनी किनाऱ्यावरच्या बंदरांत यायला लागली. जुनं कौल चांगलं भाजलेलं असेल तर पिढ्या काढतं. आम्ही फुटलेली काढली, मागच्या गोठ्यावरची जुनी पुढे आणली आणि नवी गोठ्यावर घातली. पुढचा रंग सारखा राहिला. शेवाळ वाळल्यावर ब्रशने घासलं. कौलांना लाल रंग फासायचा आग्रह बऱ्याच जणांनी केला, तो मी मानला नाही.

पाखाडीच्या पायऱ्या खचल्या होत्या. चिरे उचलून खाली खडी भरली आणि पुढे किंचित उतार देऊन परत बसवले, म्हणजे पाणी साचत नाही आणि शेवाळ कमी धरतं. सासूबाई आता काठी घेऊन एकट्या वरच्या रस्त्यापर्यंत जाऊन येतात, मला याचा आनंद भिंतीपेक्षा जास्त आहे.

झाडं नवी फार आणली नाहीत. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून मेंदी कमरेइतकी छाटली, जास्वंद आणि अनंत होतेच, पाखाडीच्या कडेला अबोली लावली. लॉन मुद्दाम टाळलं, एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी त्याला कुठून घालणार? अंगण शेणाने सारवतो. पडवीतला पांढरा फ्लडलाइट काढून पिवळा दिवा लावला, वायरी एका पट्टीतून कौलाखालून नेल्या.

भाऊजी गणपतीला आले तेव्हा पाखाडीवरच थांबले आणि फोटो काढून त्यांच्या भावंडांच्या ग्रुपवर टाकला. मग मला म्हणाले, "वहिनी, मागच्या बाजूचं कधी काढायचं?" दिवाळीनंतर काढतोय. गवंडीकाकांना सांगून ठेवलंय, आणि त्यांच्यासोबत गावातला एक तरुण मुलगा हाताखाली द्यायचं ठरलंय, चुन्याचं काम येणारं त्यांच्यानंतर वाडीत कुणी नाही.