याकोबाची कुस्ती आणि आमच्या बाई

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या, असे समितीचे पत्र आले आणि लिहायला बसलो, तर डोळ्यांपुढे फक्त बाई येत राहिल्या. आपल्या शाळेत नुसते 'बाई' म्हटले की कोणत्या बाई, हे कोणाला सांगावे लागत नाही. मैदान, गॅदरिंग, खो-खोचा संघ, पावसात गळणारी प्रयोगशाळा यांवर बाकीचे मित्र लिहितीलच. मी बाईंवर लिहितो.

मला पोलिओ झाला तेव्हा मी दोन वर्षांचाही नव्हतो. उजवा पाय मांडीपासून गेला. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, गुडघ्यावर चामड्याची टोपी आणि खाली जाड तळाचा बूट, असा कॅलिपर घालून मी शाळेत यायचो. आठवीचा वर्ग जुन्या इमारतीत माडीवर होता. तो लाकडी जिना तुम्हाला आठवत असेल, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आधी डावा पाय वर टाकायचा, मग कठडा धरून उजवा ओढून घ्यायचा, की लोखंड लाकडावर खट्‌दिशी आपटायचे. घंटेच्या आधी बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन जिन्याखाली उभ्या असायच्या. माझा हात त्यांनी कधी धरला नाही. एक पायरी मागे राहून त्या चढायच्या आणि वर पोचेपर्यंत कालच्या धड्यावर प्रश्न विचारत राहायच्या. मी थांबलो की त्याही थांबायच्या, पण उत्तराची सुटका नसायची. आठवीत माझे व्याकरण पक्के झाले ते त्या जिन्यावर.

त्या काळात आमच्या घरी दर गुरुवारी प्रार्थनासभा भरायची. गीते व्हायची, शास्त्रपाठ व्हायचा आणि शेवटी कोणीतरी माझ्या पायावर हात ठेवून तो बरा व्हावा म्हणून प्रार्थना करायचे. बेथेसदा तळ्याकाठी 38 वर्षे आजारी पडून असलेला माणूस येशूच्या शब्दावर उठला आणि बाज उचलून चालू लागला, ही गोष्ट मला तोंडपाठ होती. सभा संपली की रात्री पांघरुणात मी पायाची बोटे हलवून पाहायचो. ती हलत नसत. एकदा एका पाहुण्याने आईला सांगितले, घरात कुठेतरी विश्वास कमी पडतोय. मी दाराआड उभा होतो. आई काही बोलली नाही. भांडी घासायला म्हणून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

हे मी बाईंना कधी सांगितले नव्हते. त्यांना ते कसे कळले, की कळलेच नव्हते, कोण जाणे. पण त्याच पावसाळ्यात नीतिशिक्षणाच्या तासाला त्यांनी बायबलमधल्या याकोबाची कुस्ती सांगितली.

आमचा वर्ग म्हणजे निम्मा तालमीत जाणारा. पहाटे जोर-बैठका मारून, अंगाची लाल माती धुऊन पोरे शाळेत यायची आणि इतिहासाच्या तासाला डुलक्या काढायची. पण कुस्ती म्हटल्यावर सगळे सावरून बसले. बाईंनी सुरुवातीलाच सांगितले, समोरून भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन चालून येतोय. याच भावाला याकोबाने पूर्वी फसवलेले. बायकामुले, गुरेढोरे यब्बोक ओढ्यापलीकडे पाठवून तो रात्री एकटाच अलीकडे राहिला. आणि अंधारात कोणीतरी येऊन त्याच्याशी झोंबू लागले. उजाडेपर्यंत कुस्ती चालली.

"कुठला डाव लावला, बाई?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"शास्त्रात डावाचं नाव दिलेलं नाही. पण समोरच्यानं याकोबाच्या खुब्याला हात लावला आणि खुबा निखळला."

वर्गात चुकचुक झाली. खुबा जाणे म्हणजे काय, ते या पोरांना बाईंपेक्षा जास्त ठाऊक. गंगावेशीतला एक आडदांड वर्गबंधू उठून उभाच राहिला. म्हणाला, "मग संपलं की वो, बाई. खुबा गेल्यावर पायात जोर कुठला? डाव लागतच न्हाई. नुसती कव घालून लटकायचं."

बाईंनी खडू ठेवला. "तेच केलं त्यानं," त्या म्हणाल्या. "नुसती कव घालून लटकला. तो म्हणाला, सोड मला, उजाडतंय. हा म्हणाला, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडत नाही."

"मग चीत कोण झालं?"

"कोणी नाही. झोंबणारा देवच होता. आशीर्वाद मिळाला, नवं नाव मिळालं. आणि सूर्य उगवला तेव्हा याकोब लंगडत चालला होता."

एवढे बोलून त्या फळ्याकडे वळल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही, आणि ते मला अजून आठवते. सगळा वर्ग पाहत होता, बाई नाही. त्या दिवशी जिना उतरताना मी मनाशी एवढेच धरले, की ज्याला देवाने आशीर्वाद दिला तो लंगडाच राहिला. त्याचा विश्वास कमी पडला, असे शास्त्र कुठेही म्हणत नाही.

पुढे बाईंनीच मला बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय वाचायला लावला. ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो काढून टाक, अशी त्याने प्रभूला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, असे उत्तर आले. फटके, दगडमार, तीनदा जहाज फुटणे हे सगळे सोसलेला हा माणूस, आणि त्याचीही ती मागणी तशीच राहिली. पंडिता रमाबाईंबद्दलही मी पहिल्यांदा ऐकले ते बाईंकडूनच. ऐकू कमी यायचे, 1921 मध्ये मनोरमेसारखी कर्ती मुलगी गेली, तरी केडगावात मूळ भाषांवरून बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही आणि ते पुरे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. बाई हे सांगायच्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरी यजमान अंथरुणाला खिळलेले होते. पहाटे उठून त्यांचे सारे करून त्या साडेदहाला जिन्याखाली हजर असत. आम्हाला हे फार नंतर कळले.

कोल्हापुरात राहून जिद्दीच्या गोष्टींची वाण नसते. खाशाबा जाधव 1948 ला लंडनला सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्या जिद्दीपुढे मी आजही नतमस्तक आहे. पण ती अंगातल्या बळाची जिद्द. बाईंनी मला दाखवली ती खुबा निखळल्यानंतरची. तिथे आपले बळ संपलेले असते आणि हातात फक्त तो असतो, ज्याला सोडायचे नाही. माझ्यासारख्याला तीच उपयोगाची होती.

शाळेनंतर मी कृत्रिम अवयवांचे तंत्र शिकलो आणि शाहूपुरीत स्वतःची कार्यशाळा टाकली. आज आम्ही आठ जण तिथे काम करतो. पूर्वी गिऱ्हाईक बहुतेक पोलिओचे. 13 जानेवारी 2011 नंतर देशात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा नवा रुग्ण नाही, 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, आणि माझ्या धंद्यातली ती रांग आटली याचा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. आता सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहिलेली मुले येतात, मधुमेहाने पाय गमावलेले येतात. लोखंडी पट्ट्यांच्या जागी पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक आले. पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून प्रतिकृती ओतायची, भट्टीत मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा तिच्यावर चढवायचा. मूल पहिल्यांदा उभे राहते तेव्हा आई-बाप हात पुढे करतात. मी त्यांना म्हणतो, मागे राहा, एक पाऊल मागे राहा.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगा कार्यशाळेत शिरली. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तर प्लास्टरच्या प्रतिकृतींचा लगदा झालेला, भट्टीची मोटर जळालेली, चामडे बुरसलेले. कर्ज डोक्यावर होतेच. त्या रात्री प्रार्थनेला बसलो, पण मागायला तोंडात शब्द येईना. बसून राहिलो, एवढेच. सकाळी दारात टेम्पो उभा. गंगावेशीतला तोच वर्गबंधू तालमीची पोरे घेऊन आला होता. दोन दिवसांत त्यांनी चिखल उपसला. एका छोट्या मुलीचा कॅलिपर देणे होते, तो आम्ही जुन्या पद्धतीने पट्ट्या ठोकून हाताने करून दिला. कामाला सुरुवात झाली ती अशी.

गेली काही वर्षे माझा धड पायही दगा देतो आहे. पोलिओनंतर तीसचाळीस वर्षांनी अनेकांचे स्नायू पुन्हा दुबळे होतात. उरलेल्या मज्जापेशींनी आयुष्यभर दुप्पट ओझे वाहिलेले असते. आता हातात काठी आली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हातारा याकोब काठीवर टेकून देवाला नमन करतो, असा उल्लेख आहे. पूर्वी तो माझ्या नजरेतून सुटायचा.

जुनी इमारत पाडल्याचे ऐकून वाईट वाटले. नव्या इमारतीला रॅम्प आहे, हे उत्तमच झाले, कोणत्याही मुलाला आता लोखंड ओढत चढावे लागणार नाही. पण नीतिशिक्षणाचा तास वेळापत्रकातून गेला, त्याची हळहळ वाटते. तो तास पुन्हा सुरू करता आला तर समितीने जरूर पाहावे.

बाईंच्या नावाने दरवर्षी एक पारितोषिक द्यावे, अशी माझी इच्छा आहे. रक्कम मी शाळेकडे भरतो आहे, मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. अट एकच घातली आहे: पहिल्या आलेल्याला नको, नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलेल्या आणि पास झालेल्या विद्यार्थ्याला द्यावे. असे विद्यार्थी एकाहून जास्त असले तर रक्कम वाढवून द्यायला मी तयार आहे.