लोणारला जाताय? आधी काठ कुठे आहे ते विचारा

समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरलं की लोणार वीस-पंचवीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन. कड्यावर पोचेपर्यंत कशाचाच अंदाज येत नाही, आणि मग सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं उल्काविवर एकदम पायाखाली उघडतं, तळाशी सरोवर.

हिवाळ्यात जा आणि सकाळीच उतरा. उन्हं चढली की खाली वारा नसतो, परतीचा चढ दम काढतो. प्यायचं पाणी सोबत हवंच. काठाचा चिखल वरून वाळलेला दिसतो, पण पाय घोट्यापर्यंत आत जातो. रुमालावर ओली हळद लावून त्यावर सरोवराचं पाणी टाकलं, तर डाग लगेच लालभडक झाला. इतकं हे पाणी खारं आणि अल्कधर्मी! पूर्वी इथून दल्ला, पापडी असे क्षार काढले जात.

या पाण्याला बाहेर वाट नाही. आलेलं पाणी फक्त उन्हानं उडतं. जून 2020 मध्ये पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झालं. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हे घडल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाला. उलट पाणी वाढलं तरी घातच. गावाचं सांडपाणी, शेतातली खतं, वरून झिरपणारं गोडं पाणी यांनी मूळ क्षारच पातळ होतो. उतारावर वेडी बाभूळ माजते ती वेगळीच. शेळ्या चारणारे एक आजोबा म्हणाले, "गोडं पानी वाढलं ना भाऊ, त मंग हे सरोवर रायत नाई."

मला सारखा मध्य आशियातला अरल समुद्र आठवत होता. 1960 पर्यंत तो जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव होता. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाच्या शेतीकडे वळवल्या आणि तो आटला. कापसावर जगणाऱ्या आपल्या मुलखाला हे लागायला हवं. पुढे कझाकस्ताननं अख्ख्या समुद्राचा हट्ट सोडून 2005 मध्ये कोकअरल बांध पुरा केला आणि उत्तरेचा छोटा भाग वाचवला. तिथे खारटपणा उतरला, मासे परतले. कोरड्या तळावर सॅक्सॉलची, म्हणजे वाळवंटात तगणारी झाडं लावली, क्षारांची धूळ धरून ठेवायला. लोणारचं गणित उलटं आहे. इथे मासे दिसू लागले तर ती धोक्याची घंटा समजायची.

म्हणून काठाला लागून पक्के रस्ते, ओटे, कठडे नकोतच. पाण्याला पुढं-मागं व्हायला मोकळा पट्टा सोडावा, त्याच्या वर देशी झाडं, आणि माणसांची सोय सगळी कड्यावर. सांडपाणी विवराबाहेरच अडवून शुद्ध करावं. दर वर्षी पातळी आणि क्षार मोजून पुढच्या वर्षीचं काम ठरवावं. एकदाच नकाशा काढून मोकळं होणं इथे चालायचं नाही.

सरोवराच्या काठावरच्या कमळजादेवीच्या मंदिराकडे जायचं असेल तर वाट खुली आहे का, हे वनखात्याच्या माणसांना आधी विचारा. पाणी चढलं की काठची वाट बुडते. धारेवर, म्हणजे विवराच्या उतारावरच्या गोड्या झऱ्यावर, साबण-शाम्पू अजिबात नको, ते पाणी थेट सरोवरात उतरतं. गावातल्या दैत्यसूदन मंदिरासाठी तासभर राखून ठेवा. गाडी जालन्याकडे जाणार असेल तर सिंदखेडराजा वाटेतच आहे.