तुम्ही विचारलंत म्हणून: कणाचं शिकून नोकरी लागते का?

गावी एसटीतून उतरलो की फाट्यावर पहिला प्रश्न हाच, "काय गा भाऊ, ते कणाचं शिकून नोकरी लागते का?" आता बारावीतले पोट्टे फोन करूनही हेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कणाचं म्हणजे कणभौतिकी, अणूच्याही आतल्या बारीक कणांचं शास्त्र.

लागते, पण तलाठी भरतीसारखी जाहिरात, परीक्षा, यादी असं नसते. एमएस्सीनंतर नेट, गेट नाहीतर जेस्ट यातली एखादी पात्रता परीक्षा द्या, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची परीक्षा वेगळी, मग पीएचडीची 5-6 वर्षं. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्याला मिळणारी फेलोशिप, 2023 पासून महिन्याला 37,000 आहे, म्हणजे घरी पैसे मागावे लागत नाहीत. मला कमी मिळायचे, तरी बाबांना वाटायचं पोराला नोकरीच लागली, आणि मीही काही बोललो नाही.

खरी ओढाताण पुढे. 2-3 वर्षांचे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागा, आज इटली तर उद्या कोरिया, आणि पक्क्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. त्यात मोठ्या प्रयोगाच्या शोधनिबंधावर हजारो नावं, तीही एबीसीडीप्रमाणे, मग तुम्ही नेमकं काय केलं हे कळणार कुठून, तर शिफारसपत्रातून. म्हणून मार्कांपेक्षा पत्र लिहिणारा माणूस सांभाळा!

आमच्या लॅबमध्ये आरपीसी नावाचे, कण टिपणारे डिटेक्टर बनायचे, म्हणजे दोन काचा, मधे 2 मिलिमीटरची फट आणि त्यात गॅस. एका डिटेक्टरचा गॅस गळत होता, सगळे दोन दिवस मीटर बघत बसले, मी शेवटी साबणाचं पाणी ब्रशनं कडेकडेनं लावत गेलो आणि एका कोपऱ्यात, जिथे गोंद बसला नव्हता, तिथे बारीक बुडबुडा फुगला. हे फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडून शिकलेलं. सरांनी पत्रात नेमकं तेच लिहिलं, थिसिसबद्दल दोनच ओळी.

मला पक्की जागा नाही मिळाली, हे लपवण्यासारखं नाही. दुसऱ्या पोस्टडॉकनंतर नागपुरात एका कंपनीत डेटाचं काम धरलं, ते मिळालं तेही संशोधन करताना शिकलेल्या सी प्लस प्लस आणि पायथन या कॉम्प्युटरच्या भाषांवरच. वाईट वाटते का? पऱ्हाटीला भाव पडल्यावर वाटते तितकंच, आणि ते दरवर्षी वाटते.

आणि हो, भारत 2017 पासून सर्नचा, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळेचा, असोसिएट मेंबर आहे, त्यामुळे तिथल्या फेलोशिपला आणि ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांना आपले पोट्टे थेट अर्ज करू शकतात, त्यात इंजिनिअर आणि टेक्निशियनही येतात. आयटीआयवाल्या पुतण्याला हे सांगितलं तर म्हणे, "काका, तिकडं जेवाले काय भेटते?"