'लीज अँड लीफ'ची वापरलेली प्रत: आधी शेवटचं गाणं ऐका

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश फोक-रॉक बँडच्या 'लीज अँड लीफ'ची जुनी एलपी हाती आली की बहुतेक जण सुई पहिल्या गाण्यावर टेकवतात. 'कम ऑल यी'मध्ये ड्रम आणि बास इतके भरघोस आहेत की खरखर त्यात बुडून जाते आणि प्रत उत्तम आहे असं वाटतं. या रेकॉर्डची खरी परीक्षा दोन्ही बाजूंच्या टोकाला होते. पहिल्या बाजूचा शेवट 'फेअरवेल, फेअरवेल'ने होतो, दुसऱ्या बाजूचा 'क्रेझी मॅन मायकेल'ने. दोन्ही गाणी संथ आहेत, गायिका सँडी डेनीचा आवाज अगदी पुढे आहे, आणि दोन्ही लेबलच्या सर्वात जवळ कोरलेली आहेत.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे 'स' किंवा 'श'चा तोच उच्चार आत निम्म्याहून कमी लांबीत कोरावा लागतो. त्या बारीक वळणांवरून जाड टोकाची, झिजलेली, जास्त वजनाची सुई वर्षानुवर्षं फिरली असेल तर ती वळणं घासली जातात. मग डेनीच्या शब्दांतला प्रत्येक 'स' फाटतो, चरचरतो. ही झीज कोणत्याही धुण्याने जात नाही. बारीक एलिप्टिकल (लंबवर्तुळाकार) किंवा लाइन-काँटॅक्ट (रेषेसारख्या निमुळत्या) टोकाची सुई खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, त्यामुळे कधीकधी आवाज सुधारतो. पण त्या भरवशावर प्रत घेऊ नये.

दोष रेकॉर्डचा की प्लेअरचा, हे मात्र आधी ठरवायला हवं. चांगल्या स्थितीतल्या दुसऱ्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं लावून बघा. तिथेही चरचर असेल तर बहुधा कार्ट्रिज (सुई धरणारा छोटा भाग) सरळ बसलेलं नाही. उजव्याच चॅनलमध्ये ती जास्त असेल तर अँटी-स्केटिंग (सुईच्या दांड्याची आत ओढ तोलणारी प्लेअरवरची सोय) थोडं वाढवा. सुईचा भार कार्ट्रिजच्या निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच ठेवा, बहुतेक आधुनिक कार्ट्रिजना १.५ ते २ ग्रॅम लागतो. रेकॉर्ड वाचवायची म्हणून भार फार कमी करणं उलट घातक ठरतं: सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना इजा करते.

दुसरी चाचणी 'रेनार्डीन'ची. पहिल्या बाजूचं हे दुसरं गाणं जवळजवळ तरंगतं, त्यामुळे धूळ, स्थिर वीज, केसासारखे ओरखडे सगळं उघडं पडतं. टिक-टिक नियमित येत असेल तर घड्याळ लावा. एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात; बरोबर तेवढ्या अंतराने आवाज आला तर तो आडवा ओरखडा आहे. पहिली बाजू सुमारे २० मिनिटांची, म्हणजे जवळपास ६७० फेरे, एका मिलिमीटरमध्ये सात-आठ. म्हणून खाचांना छेदणारा एक सेंटिमीटरचा खोल ओरखडा सव्वादोन मिनिटं टिकटिकतो. खाचेच्या दिशेने गेलेला लहानसा ओरखडा दिसायला निरुपद्रवी असतो, पण सुई अडकते ती त्याच्यातच.

डेव्ह स्वॉरब्रिकच्या व्हायोलिनचे लांब सूर हेलकावे घेत असतील तर टोनआर्मकडे, म्हणजे सुईच्या दांड्याकडे, बघा. तो प्रत्येक फेऱ्यात डावी-उजवीकडे डुलत असेल तर मधलं भोक केंद्रात नाही. वर-खाली होत असेल तर तबकडी वाकलेली आहे.

आता लेबल. डिसेंबर १९६९ मध्ये ही रेकॉर्ड ब्रिटनमध्ये आयलंड या कंपनीने काढली, क्रमांक आयएलपीएस ९११५. निर्माता जो बॉइड, ध्वनिमुद्रण लंडनच्या चेल्सीमधल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, इंजिनिअर जॉन वुड. पहिल्या प्रतींचं लेबल संपूर्ण गुलाबी. नंतरच्यांवर फक्त गुलाबी कड आणि मधे पामचं झाड. अमेरिकेत ती ए अँड एम कंपनीने एसपी ४२५७ या क्रमांकाने आणली. संग्राहक गुलाबी लेबलवर तुटून पडतात, पण सर्वात जुन्या प्रतींनीच त्या काळातल्या जड सुया जास्त सोसल्या आहेत. ऐकायला घ्यायची असेल तर झिजलेल्या गुलाबी लेबलपेक्षा स्वच्छ पामवाली प्रत कधीही बरी. प्रत कोणत्या आवृत्तीची हे ठरवायला लेबलबरोबर शेवटच्या खाचेपलीकडच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले क्रमांकही वाचा. आणि भोकाभोवती लेबलवर बारीक पांढुरक्या रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड भरपूर वाजली आहे, विक्रेता काहीही म्हणो.

नुसती मळलेली प्रत मात्र बिनधास्त घ्यावी. धुण्यासाठी एक लिटर द्रावण पुरे: ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, २०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, फोटोग्राफीत वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणाऱ्या रसायनाचे) चार-पाच थेंब. हे व्हिनाइलसाठीच, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या शेलॅक (लाखेच्या) तबकड्यांना अल्कोहोल लावू नये, त्या विरघळतात. आधी कोरड्या कार्बन ब्रशने सुटी धूळ काढा, नाहीतर तिचा चिखल होऊन खाचेत बसतो. लेबल वाचवत द्रावण पसरा, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवा, मिनिट-दोन मिनिटं ओलं राहू द्या, वाळू मात्र देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. हीच पायरी लोक गाळतात, आणि पहिल्या वाजवण्यात सुईवर पांढरा चिकटा जमला की रेकॉर्डला दोष देतात. नळाचं पाणी वापरलं तर क्षार खाचेत राहतात. स्वच्छ मायक्रोफायबरने टिपून तबकडी अर्धा तास उभी ठेवा, पूर्ण वाळल्याशिवाय वाजवू नका.

कव्हर उघडणारं आहे. आतल्या पानांवर इंग्लंडच्या लोकपरंपरेची टिपणं आहेत: मॉरिस हा लोकनाच, पॅडस्टो गावातला हॉबी हॉर्स (उत्सवात नाचवला जाणारा सोंगाचा घोडा), गाणी गोळा करणारे सेसिल शार्प आणि फ्रान्सिस चाइल्ड. (या रेकॉर्डवरचं 'मॅटी ग्रोव्ह्ज' चाइल्डच्या लोकगीतांच्या संग्रहात ८१ क्रमांकावर आहे, 'टॅम लिन' ३९वर.) ही पानं वाचण्यासारखी आहेत, त्यामुळे बुरशी आणि पाण्याचे डाग तिथेही तपासा. जुनं मऊ पीव्हीसीचं बाहेरचं आवरण असेल तर लगेच काढून टाका. त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) झिरपून व्हिनाइलवर धुरकट डाग पडतात, ते धुतले तरी जात नाहीत आणि त्या जागी रेकॉर्ड सतत सूं करत राहते. तबकडी पॉलिथिनच्या नव्या आतल्या पाकिटात ठेवा, मूळ कागदी पाकीट कव्हरमध्येच पण वेगळं राहू द्या.